आधी हात, मग मन



वाचनालयाच्या या सभागृहात आजवर शेतीवर, इतिहासावर, संतवाङ्मयावर व्याख्यानं झाली. यंदा नैराश्य हा विषय ठेवला, आणि त्यावर बोलायला या आजारासोबत राहणाऱ्या बाईला बोलावलं, याबद्दल मी विश्वस्तांची ऋणी आहे. मी निवृत्त शिक्षिका. तिशीत पहिल्यांदा आजारी पडले, त्यानंतर हा आजार येत-जात राहिला आहे. औषधं घेतली, समुपदेशन घेतलं, आणि आता तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून एक स्वमदत गट चालवतो. तेवढ्याच अधिकाराने बोलते आहे.

आज मला मुख्यतः गोव्याची हकीकत सांगायची आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेल्या वीसेक वर्षांत जे घडलं, त्याच्याइतकी आशा वाटावी अशी दुसरी गोष्ट या आजाराबाबत आपल्या भागात मला दिसलेली नाही. ती वैद्यकाच्या नियतकालिकांत छापून आली, जगभर तिची चर्चा झाली. आपल्या गावागावांत मात्र ती पोहोचली नाही.

आरोग्य केंद्रात येणारी बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. ती म्हणते, अंग दुखतं, झोप येत नाही, हातापायांत जीव नाही, डोक्यात सारखं काहीतरी चाललेलं असतं. किंवा हलक्या आवाजात सांगते, पांढरं जातं. डॉक्टरांपुढे रांग असते. बी-कॉम्प्लेक्स, कॅल्शियम, अंगदुखीची गोळी लिहून दिली जाते आणि पुढचा नंबर पुकारला जातो. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि १९९६ साली सुरू झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तक्रारींचा नीट माग काढला. पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या त्रासाशी अधिक जवळचं निघालं. बाळंतिणींच्या पाहणीत दर चौघी-पाचजणींमागे एकीला नैराश्य होतं, आणि मुलगी झालेल्या घरात आईची जोखीम वाढत होती. आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू मिळतात, शेक-शेगडी होते. ती रात्रभर जागी का आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

आता इतक्या माणसांवर उपचार करायचे कुणी? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. मनोविकारतज्ज्ञ शहरांत, माणसं खेड्यांत. गोव्यातल्या मंडळींनी यावर काढलेला मार्ग फार धाडसाचा होता. त्यांनी आसपासच्या गावांतलीच माणसं निवडली. शिक्षण दहावी-बारावी किंवा थोडं पुढचं, मानसशास्त्राशी कसलाही संबंध नाही. त्यांना काही आठवडे शिकवलं, नंतर कामावर देखरेख ठेवली, आणि आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या शेजारी समुपदेशक म्हणून बसवलं. समोरच्याला डिप्रेशनचा शिक्का मारायचा नाही, तो ज्याला टेन्शन म्हणतो त्याला टेन्शनच म्हणायचं, असं ठरलं.

पहिला मोठा प्रयोग २००७ ते २००९ मधला, ‘मानस’ नावाचा. १२ सरकारी केंद्रं, १२ खासगी दवाखाने. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी शंभरातली ६६ माणसं बरी झाली होती. जिथे नेहमीचेच उपचार होते तिथे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. ओळखीचा डॉक्टर पेशंटला मुळातच वेळ देतो, हे त्यामागचं एक कारण असावं. मला यातून निघणारा अर्थ मोलाचा वाटतो: जिथे विचारपूस करणारं कुणी नव्हतं, तिथेच विचारपुशीने सर्वांत जास्त काम केलं.

दुसरा प्रयोग त्यानंतर काही वर्षांनी झाला. या वेळी १० प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि तीव्र नैराश्य असलेली ४९५ माणसं घेतली. सौम्य उदासीवाली नव्हेत, रोजचं जगणं बंद पडलेली. आठवड्याला एक भेट, अर्धा-पाऊण तासाची, अशा सहा ते आठ भेटी. केंद्रात जमत नसेल तर घरी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के माणसं आजाराच्या रेषेखाली आली होती, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. वर्षभराने पाहिलं तेव्हाही हा फायदा टिकलेला होता.

त्या भेटींत होतं काय? इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी गोम इथेच आहे.

समुपदेशक एक वही काढायला लावतो. काल सकाळपासून काय काय केलं आणि ते करताना कसं वाटलं, एवढंच लिहायचं. लिहिता न येणाऱ्यांशी तोंडी बोलून. मग दोघं मिळून पाहतात की पूर्वी करत होता त्यातलं काय सुटलं. भजनाला जाणं सुटलं, फोन घेणं सुटलं, अंघोळ दिवसाआड झाली. त्यातली एकच गोष्ट निवडायची, ती बारीक करायची, तिला दिवस आणि वेळ ठरवून द्यायची. ‘देवळात जाणार’ असं नाही लिहायचं. ‘बुधवारी सहा वाजता चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, सोबत मुलगा’ असं लिहायचं. पुढच्या भेटीत विचारायचं, जमलं का? नाही जमलं तर ओरडायचं नाही. आडवं काय आलं ते शोधायचं आणि पायरी आणखी लहान करायची.

यामागचा विचार १९७० च्या दशकात अमेरिकेत पीटर लुइनसन यांनी मांडला. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. गोष्टी सुटल्या की बरं वाटायला लावणारं काही आयुष्यात उरत नाही, त्यामुळे मन आणखी खचतं, मग तो आणखी सोडतो. हे चक्र कुठून तोडायचं? मनापासून सुरुवात करायची म्हटलं तर मन ताब्यात नाही. हात-पाय मात्र थोडेसे ताब्यात असतात. १९९६ साली नील जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारांवरच्या उपचारपद्धतीचे भाग सुटे करून तपासले. त्यात हा कृतीचा भाग एकटासुद्धा संपूर्ण उपचाराइतकाच लागू पडला. गोव्याने तोच भाग उचलला, कारण तो शिकवायला सोपा आहे.

आम्हाला सगळ्यांना लहानपणापासून उलटं शिकवलेलं असतं. आधी उत्साह यावा, मग काम करावं. आजारी माणूस त्या उत्साहाची वाट बघत अंथरुणात पडून राहतो. घरचेही म्हणतात, बरं वाटलं की करेल. तो उत्साह आपणहून येत नाही. मी वाट बघितलेली आहे.

माझ्या एका आजारपणात सकाळी ओट्यावर दुधाचं पातेलं होतं. दूध नासलेलं, वर फुटकुळ्या आलेल्या. ते उचलून मोरीत ओतायचं, पातेलं विसळायचं, एवढंच काम. मी ओट्याला टेकून त्या पातेल्याकडे बघत उभी होते आणि हात पुढे होत नव्हता. दुःख म्हणावं तर डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. आत काही हलतच नव्हतं, आणि ‘साधं पातेलं उचलता येत नाही तुला’ असं कुणीतरी आतून सारखं सुनावत होतं. बाहेरच्याला तो आळस दिसतो. माणूस त्या वेळी आपल्या सगळ्या शक्तीनिशी उभा असतो, हे कुणाला दिसत नाही.

मोठ्या जाऊबाई शेजारच्याच घरात. त्या चौथी शिकलेल्या. गोव्याबिव्याचं त्यांना काही माहीत असायचं कारण नाही. त्या रोज साडेदहाच्या सुमाराला येत, माझ्यासमोर पेपर पसरून त्यावर भाजीची पिशवी रिकामी करत आणि म्हणत, ‘‘बस गं जरा. गवार निवडायचीय, मला एकटीला कंटाळा येतो.’’ बरं वाटतंय का, गोळी घेतलीस का, असलं काही विचारत नसत. माझ्या चार शेंगा मोडून होईपर्यंत त्यांची निम्मी भाजी झालेली असायची. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की साडेदहाच्या आधी मी केस विंचरून बसते आहे. पुढे समुपदेशकाकडे गेले आणि त्याने वही काढली, तेव्हा मला ती पद्धत ओळखीची वाटली.

आता जे इतर लोक बोलत होते, तेही सांगते. ‘मन घट्ट कर.’ ‘काय कमी आहे तुला? सोन्यासारखी मुलं आहेत.’ ‘रिकामं डोकं आहे, दुसरं काय.’ ‘बाहेरचं काही असेल, एकदा बघून घ्या.’ तरुण मुलगा असेल तर, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.’ बोलणारी माणसं प्रेमाचीच होती, यात मला शंका नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य आजारी माणसाच्या अपराधीपणात भर घालतं. अपराधी वाटणं हे या आजाराचंच एक लक्षण आहे. म्हणजे ज्या जागी आधीच जखम आहे, नेमका तिथेच आपण हात ठेवतो. आणि लग्नाच्या सल्ल्याने तर दुसऱ्या घरातल्या एका निरपराध मुलीचंही आयुष्य पणाला लागतं. तो सल्ला मी गुन्ह्याच्या पंक्तीत बसवते.

आपण वारकऱ्यांच्या मुलखातली माणसं. १६३० च्या दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको आणि मुलगा गेला, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांच्या अभंगांतली घालमेल, स्वतःवरचा संताप, रात्र-रात्र जागणं, आपण टाळ वाजवून गातो. मी तुकोबांना कुठलंही निदान चिकटवत नाही, तो उद्धटपणा होईल. मला एवढंच वाटतं की ज्या समाजाने ती घालमेल चारशे वर्षं जपून ठेवली, त्याला आपल्याच घरातल्या कोपऱ्यात तोंड फिरवून झोपलेला मुलगा कळायला अवघड जाऊ नये.

औषधांबद्दल आमच्या गटात सर्वांत जास्त प्रश्न येतात. या औषधांचा शोध क्षयरोगाच्या रुग्णालयात लागला. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयावर एक नवं औषध देऊन पाहत होते. रोगी नुसते सुधारले नाहीत, त्यांना भूक लागू लागली, ते वॉर्डात हसू-खेळू लागले. त्यातून मनावरच्या औषधांचं एक दालन उघडलं. आज मिळणारी औषधं त्याहून पुष्कळ सुरक्षित आहेत. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मळमळ, अस्वस्थपणा असे त्रास पहिल्याच आठवड्यात होतात. म्हणून कितीतरी जण दहाव्या दिवशी गोळ्या कपाटात टाकतात. दुसरी चूक उलट्या टोकाची. बरं वाटलं की सोडून देतात. बरं वाटल्यानंतरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि थांबवायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू. नैराश्याच्या या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही. एकदम सोडल्या तर चक्कर, चिडचिड असा त्रास होतो, एवढं खरं.

पहिल्या औषधाने गुण आला नाही म्हणून खचू नका. अमेरिकेत हजारो रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पहिल्या औषधाने पूर्ण बरे झालेले साधारण एक तृतीयांश होते. दुसरं औषध, मात्रेतला बदल, सोबत समुपदेशन, अशा पुढच्या पायऱ्यांवर आणखी पुष्कळ जण बरे झाले. तेव्हा ‘मला काहीच लागू पडत नाही’ हे वाक्य पहिल्या पायरीवर बोलायचं नसतं. डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, रक्ताचं प्रमाण तपासायला सांगितलं तर तपासा. पूर्वी कधी अतिउत्साहाचा, झोपेची गरजच न वाटण्याचा काळ येऊन गेला असेल तर तो आवर्जून सांगा. अशा वेळी आजार वेगळा असतो आणि औषधंही वेगळी.

आता सर्वांत अवघड गोष्ट. घरातलं माणूस ‘आता नको वाटतं’, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलू लागलं तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही समजूत खोटी आहे. ती तिथे असेल तर आधीपासूनच असते, आणि विचारणारं कुणी भेटलं की माणसाला सुटल्यासारखं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरातलं कीटकनाशक घरात ठेवू नका. शेजाऱ्याकडे ठेवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. हे वरवरचं वाटेल, पण तो आवेग बहुतेकदा थोड्या वेळाचा असतो. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी घातली, तेव्हा देशातलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्या घातक घटकेतून सुटलेली बहुसंख्य माणसं पुढे आपलं आयुष्य जगतात.

कायद्याला घाबरून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आहे आणि तिच्या उपचारांची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला गुन्हा मानणारं जुनं कलम ३०९ राहिलेलं नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, कोणत्याही वेळी लागतो, मराठीतून बोलता येतं. पेन असेल त्यांनी लिहून घ्या, मोबाइल असेल त्यांनी आत्ताच साठवून ठेवा. मी थांबते.

विदर्भाचं नाव घेतलं की आपल्याला शेतकरी आत्महत्याच आठवतात. त्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत, ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी बैठका घेतल्या, घरोघरी जाऊन विचारपूस केली, गरजूंना समुपदेशकापर्यंत आणि पुढे डॉक्टरांपर्यंत नेलं. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम ४.३ टक्के लोक उपचारांकडे वळलेले होते. दीड वर्षात ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. कर्ज, नापिकी, भाव यांचं उत्तर समुपदेशनाने मिळत नाही, आणि तसं कुणी भासवू लागलं तर त्याला हटकलं पाहिजे. शेतकऱ्याला भाव हवा आहे आणि त्याच्या मनावर उपचारही हवेत. एक मागितलं म्हणजे दुसऱ्यावरचा हक्क जात नाही.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. मराठीला सुवर्णकमळ मिळवून देणारा २०१६ चा चित्रपट. त्यात स्वतः या आजारातून गेलेली जानकी एका खचलेल्या मुलाला कोकणातल्या आपल्या घरी आणून ठेवते. नाव-गाव विचारत बसत नाही, उपदेश करत नाही. जेवायला वाढते, आसपास माणसं ठेवते, वेळ देते. सोबत म्हणजे काय, हे व्याख्यानातून सांगता येत नाही तितकं त्या चित्रपटात दिसतं. वाचनालयाने तो एकदा इथे दाखवावा, अशी माझी विनंती आहे.

आणि हे सगळं झालं तरी आजार परत येऊ शकतो. पहिल्या खेपेतून बऱ्या झालेल्यांपैकी निदान निम्म्यांना तो पुन्हा कधीतरी गाठतो. हे मी घाबरवायला सांगत नाही. जे येणार आहे ते ओळखता आलं तर आधीच हालचाल करता येते. माझ्या खुणा मला माहीत आहेत: पहाटे तीनला जाग येते, मग फोन उचलणं टाळू लागते, मग पेपर वाचून होतो पण आत काही शिरत नाही. या खुणा मी कागदावर लिहून सुनेकडे दिल्या आहेत, कारण त्या दिवसांत मला स्वतःला त्या दिसत नाहीत. तिला दिसल्या की ती डॉक्टरांची वेळ घेते. त्यावर वाद घालायचा नाही असं आमचं ठरलं आहे. बरं होणं म्हणजे पुन्हा कधीच न पडणं, अशी माझी पूर्वी समजूत होती. त्या समजुतीपायी प्रत्येक खेपेला मी हरले असं वाटायचं. आता दोन खेपांच्या मधली वर्षं मी पुरेपूर जगते, आणि खेप आली तर ती पूर्वीपेक्षा लवकर आवरते.

आरोग्य खात्याचे अधिकारी आज समोर बसले आहेत, म्हणून त्यांना एक मागणं. गोव्यात जे जमलं त्याला मोठी यंत्रं लागली नाहीत. शिकवलेला माणूस, एक खोली, एक वही, आणि त्या माणसाच्या कामावर लक्ष ठेवणारं कुणीतरी. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी एक व्यक्ती पगारावर नेमा. आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर देऊन हे काम उरकू नका. त्या आधीच थकलेल्या आहेत, आणि त्यांचं मन कुणी विचारत नाही. ज्यांनी दुसऱ्याचं ऐकायचं, त्यांचंही आठवड्याला कुणीतरी ऐकलं पाहिजे. गोव्यात समुपदेशक एकत्र बसून एकमेकांच्या भेटींचं ध्वनिमुद्रण ऐकत, एकमेकांचं काम तपासत, चुकलं तर सांगत. ते वगळून बाकीचं उचललंत तर सहा महिन्यांत कागद तेवढे उरतील.

आमचा गट दर शनिवारी दुपारी चारला याच इमारतीत, मागच्या बाजूच्या खोलीत बसतो. नाव सांगितलंच पाहिजे असं नाही, बोललंच पाहिजे असंही नाही. घरच्यांनीही यावं, त्यांचंही ओझं मोठं असतं. यायचं ठरवून दारापर्यंत पाय निघाला नाही, तर ग्रंथपालांकडे आमचा नंबर आहे. फोन करा. आमच्यातलं कुणीतरी तुम्हाला घ्यायला घरी येईल.